हाली जीबी, कलदार जीबी

लातूरच्या एका वाचकाने विचारलंय: १ टीबीची हार्डडिस्क घेतली, कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदार म्हणतो, "बाकीचं सिस्टीम खाते." मग एमबीचे जीबी, जीबीचे टीबी करताना १००० ने भागायचं की १०२४ ने? आणि 'जीबी संपला' म्हणावं की 'संपलं'?

लिंगाचं आधी उरकतो. दोन्ही कानावर येतं, दोन्ही चालतं. पुढे.

'सिस्टीम खाते' ऐकलं की माझं डोकं फिरतं. कोऱ्या डिस्कवर कसली आलीय सिस्टीम? फॉरमॅट करताना किरकोळ जागा जाते खरी, पण ६९ जीबी नव्हे. खोक्यावरचा टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट, आणि तेवढे आत असतातच. विंडोज त्याच आकड्याला तीनदा १०२४ ने भागतं. पहिल्या खेपेला ९७,६५,६२,५०० येतात, दुसऱ्या खेपेला ९,५३,६७४ आणि तिसऱ्या खेपेला ९३१ च्या जरा वर. मग पुढे बिनदिक्कत 'जीबी' लिहून मोकळं होतं. अ‍ॅपलने २००९ पासून आपल्या कॉम्प्युटरवर हजाराने मोजायला घेतलं, तिथे हीच डिस्क हजार जीबीची दिसते.

आता खरी गंमत. 'किलो' हा ग्रीक 'खिलिओइ'वरून १७९५ साली फ्रेंचांनी घडवला. खिलिओइ म्हणजे हजार. आपल्या 'सहस्र' शब्दातला 'स' हा मुळात 'एक' या अर्थाचा. तो बाजूला काढा, उरतं 'हस्र'. हे 'हस्र' आणि ते 'खिलिओइ' एकाच मुळाचे. 'सहस्र'च्याच मूळ शब्दाचं इराणात 'हजार' झालं आणि फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आलं. म्हणजे किलो, सहस्र आणि हजार ही सख्खी चुलत भावंडं. 'मेगा'सुद्धा आपल्या 'महा'चा नातेवाईकच. तेव्हा "किलो म्हणजे १०२४" असं क्लासमध्ये घोकून घेणाऱ्या मास्तरांनी "हजार म्हणजे १०२४" एवढं एकदा मोठ्याने म्हणून बघावं. मोंढ्यात म्हटलं तर हमाल हसतील.

१०२४ आला कुठून? एकाची दहा वेळा दुप्पट केली की १०२४ होतात. मेमरीची चिप दुपटीनेच वाढते, म्हणून इंजिनिअरांनी जवळचं नाव उसनं घेतलं. किलोला फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. टीबीला पोचेपर्यंत तो दहा टक्क्यांना टेकतो. १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने यावर तोड काढली: हजाराचा तो किलोबाइट, १०२४ चा तो किबीबाइट, पुढे मेबी, गिबी, टेबी. तर्क शंभर टक्के बरोबर, कान शून्य. गिबीबाइट म्हणायला जीभ धजत नाही, आणि जे नाव दुकानदार तोंडातून काढणार नाही ते नाव कागदावरच राहतं. तसंच झालं.

माझं म्हणणं असं की, मराठवाड्याकडे याची तयार शब्दजोडी आहे. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले, पलीकडे इंग्रजी मुलखात कलदार. लातूरचा व्यापारी बार्शीला माल घेऊन गेला की नाव तेच 'रुपया', किंमत वेगळी: १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे ६ ला ७. नुसतं "शंभर रुपये" म्हणून कुणी सौदा करत नसे. हाली की कलदार, ते आधी ठरायचं. मग जीबीचा सौदा नुसत्या 'जीबी'वर का? खोक्यावरचा तो हाली जीबी, विंडोजचा तो कलदार. हजार हाली म्हणजे ९३१ कलदार. पेनड्राइव्ह हाली, रॅम कलदार.

आणि शब्द किती चपखल बसतात पाहा! 'हाली' अरबी 'हाल'वरून, म्हणजे चालू, प्रचलित. आपलं 'हल्ली'ही त्यातलंच. 'कलदार' म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. यंत्राच्या सोयीचा १०२४, त्याला याहून नेमकं नाव कुठून आणणार? माझे एक परभणीकर स्नेही 'कलदार'चा संबंध नाण्याच्या कलकल नादाशी लावतात. नाणं खणखणतं, कलकलाट माणसं करतात, एवढंच त्यांना सांगतो. "हाली आता आठवतो कुणाला?" हा त्यांचा दुसरा आक्षेप. किबी कुणाला आठवतो?

जाता जाता 'बाइट'. १९५६ च्या सुमारास आयबीएममध्ये वर्नर बुखोल्झ यांनी हा शब्द काढला, आणि 'चावा'वाल्या शब्दाचं स्पेलिंग मुद्दाम बदललं, चुकून कुणी 'बिट' वाचू नये म्हणून. देवनागरीत ती खटपट वाया गेली. पुढाऱ्याचा बाइट आणि डिस्कचा बाइट एकसारखेच दिसतात. बिट मात्र वेगळा उरला, तरी "शंभर एमबीचं नेट" म्हणणारे तो गिळतातच. ते मेगाबिट असतात, आणि आठ बिटांचा एक बाइट. आठाने भागा, सेकंदाला साडेबारा मेगाबाइट मिळतील, तेही हाली.

जुन्या फ्लॉपीवरचा '१.४४ एमबी' मात्र या हिशेबात घालू नका. तिच्यात १४,७४,५६० बाइट. हालीने मोजले तर १.४७ होतात, कलदारने १.४१. कंपन्यांनी एकदा १००० ने भागलं, एकदा १०२४ ने, आणि जे आलं ते छापलं.