शंभर पिशव्यांची ऑर्डर हातात असेल तर आधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि मधेच थांबून पुन्हा वरून वाचली. नवं शहर, ओळखीचं कुणी नाही, सकाळी तासावारी पार्सलं बांधायचं काम, दुपारी भाड्याच्या खोलीत घरगुती शिलाई मशीन, आणि आता अचानक 100 कापडी पिशव्यांची ऑर्डर. मुदत 15 दिवस, पैसे माल दिल्यावर. प्रश्न असा की सकाळचं काम सोडून ही घ्यावी का.

माझं मत: सकाळचं काम सोडू नका, आणि ऑर्डर या अटींवर घेऊ नका. तुम्हाला शिवता येत नाही म्हणून नव्हे. कापडाच्या हिशेबात माणूस बुडतो म्हणून. मी बुडालो आहे. माझ्या बाकी सगळ्या चुका एकत्र केल्या तरी त्या एका हिशेबाएवढं नुकसान होत नाही, म्हणून तो इथे पूर्ण मांडतो.

तयार पिशवी 38 बाय 42 सेंमी धरू. खाली जोड नको, म्हणून एकच तुकडा दुमडायचा. लांबी 42 दुणे 84, वर दोन्हीकडे 4-4 सेंमी दुमड, म्हणजे 92. रुंदी 38 अधिक शिलाईचे 2, म्हणजे 40. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, 112. एका रांगेत दोन तुकडे बसतात, 50 रांगा, 46 मीटर. बाजूला 32 सेंमी उरतात. किनार सोडली तर 30. त्यात बंदांच्या, म्हणजे पिशवी धरायच्या पट्ट्यांच्या, 10 सेंमीच्या तीन पट्ट्या. वा, बंद फुकटात निघाले! इथे माणूस 46 मीटर कापड आणतो. आणि इथेच बुडतो.

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. 3 ते 5 टक्के नेहमीचं, विरळ विणीचं त्याहून जास्त. 5 टक्के धरा. 46 मीटरचे 43.7 होतात, म्हणजे 47 रांगा, 94 पिशव्या. हे चालून गेलं असतं. खरा मार पन्ह्याला बसतो. 112 चे 106 होतात, बाजूला 26 उरतात, आणि तीनऐवजी दोनच पट्ट्या निघतात. शिवलेला बंद 60 सेंमी, कापताना 64. दोन पट्ट्यांत मिळून 136 बंद, म्हणजे फक्त 68 पिशव्यांपुरते. उरलेली अंगं, म्हणजे पिशवीचे मुख्य तुकडे, बंदांवाचून पडून राहतात. पुन्हा दुकानात जावं तर त्याच रंगाचा ताका (कापडाची गुंडाळी) संपलेला असतो, आणि नव्या ताक्याची छटा एक कणभर वेगळी येते. एकेक पिशवी बघताना कळत नाही. शंभरांचा गठ्ठा रचला की लगेच कळते.

न धुताच शिवली तर काय होतं, असं विचाराल. गिऱ्हाईक धुतं तेव्हा कापड आटतं, पॉलिस्टरचा दोरा आटत नाही, आणि बंदांवरची टीप सुरकुतते. शिवाय कोऱ्या कापडाची खळ निघून जाते. नमुना न धुतलेल्या कापडाचा दाखवला असेल तर तो कडक होता, आणि घरात धुतल्यावर पिशवी मऊ पडली. मग "कापड बदललंत" हे ऐकून घ्यावं लागतं, आणि आपल्याकडे उत्तर नसतं.

म्हणून क्रम असा. एक मीटर कापड आणा. त्यावर पेनाने 50 बाय 50 चा चौकोन आखा, धुवा, वाळवा, इस्त्री करा, पुन्हा मोजा. उभं आणि आडवं वेगळं मोजा, दोन्हीकडे सारखं आटत नाही. त्या आकड्यावरून मागणी काढा. वरच्या उदाहरणात अंगांना 46 मीटर, त्याच्या बाजूच्या दोन पट्ट्यांतून 142 बंद, कमी पडणाऱ्या 58 बंदांना जवळपास 4 मीटर, असे धुतल्यानंतर 50 लागतात. न धुतलेलं 52.6. डाग, विणीतले दोष धरून 55 घ्या. सगळं एकाच ताक्यातून.

कापताना बाजूची पट्टी आधी पूर्ण लांबीची काढा, मग रांगा पाडा. आधी रांगा पाडल्यात तर प्रत्येक 92 सेंमीच्या पट्टीतून एकच बंद निघतो आणि 28 सेंमीची चिंधी उरते. ही साधी गोष्ट फार जण उलटी करतात.

वेळेचं. घरगुती मशीनवर एका पिशवीला मी 35 मिनिटं धरतो: कापणं 4, दोन बंद 8, बाजू शिवून काठ पक्के करणं 6, वरची दुमड 7, बंद जोडणं 5, दोरे कापून इस्त्री 5. शंभर पिशव्यांना 58 तास. कापड धुणं, वाळवणं आणि सलग इस्त्री करणं वेगळं. सकाळचं काम सांभाळून रोजचे 4 तास हातात येत असतील तर 15 दिवसांत 60 तासच होतात, धुण्या-वाळवण्यासकट काम त्यात बसणार नाही. औद्योगिक मशीन असेल तर माझे आकडे सोडून द्या, ती दुनिया निराळी. बंद जोडताना चौकोनी टीप आणि तिच्या आत फुली, यात काटकसर नको. पिशवी फाटते ती नेमकी तिथे.

गिऱ्हाइकाला काय सांगायचं? 20 पिशव्या आधी, कापडाची पूर्ण रक्कम आगाऊ, मजुरीचा तिसरा हिस्सा आगाऊ. नमुना धुतलेल्या कापडाचा, दोन नग, एक त्यांच्याकडे आणि एक तुमच्याकडे, दोन्हींच्या आत तारीख आणि सही. यावर "आमच्याकडे असं चालत नाही" म्हणाले तर चालू देऊ नका. मी वकील नाही, लेखी करार कसा असावा ते जाणकारांना विचारा. पण साध्या मेसेजवर माप, नग, तारीख आणि रक्कम लिहून "बरोबर आहे ना?" एवढं विचारून ठेवलं तरी पुढचे निम्मे वाद टळतात.

तोवर काय करायचं, तर दुरुस्ती. हे कुणाला आवडत नाही, सगळ्यांना "स्वतःचं काहीतरी" बनवायचं असतं. पण दुरुस्तीत कापड गिऱ्हाइकाचं असतं, तुमचा पैसा अडकत नाही, आणि तोच माणूस महिन्याभरात दुसरा कपडा घेऊन येतो. पँटची उंची, चेन, उसवलेली शिवण, एवढ्यावर सुरुवात होते.

चेन बिघडली म्हणून आली की लगेच पूर्ण बदलू नका. दात शाबूत आहेत आणि रनर (चेन लावायला वर-खाली सरकवतो तो तुकडा) वर गेल्यावर मागून चेन उघडते, याचा अर्थ रनर सैलावला आहे. पकडीने त्याच्या दोन्ही कडा हलक्या दाबा, एकदा डावी, एकदा उजवी. जास्त दाबलात तर तो अडकेल किंवा तुटेल. नाहीच जमलं तर रनर बदला. त्याच्या पाठीवर बहुतेक वेळा 3, 5 किंवा 8 असा आकडा उठवलेला असतो, तोच आकडा आणि तोच प्रकार हवा. नायलॉनचा रनर धातूच्या चेनवर चालत नाही.

पँटची उंची बूट घालून, दोन्ही पायांची वेगवेगळी घ्या. सुती असेल तर "एकदा धुतली आहे का?" हे कातर हातात घेण्याआधी विचारायचं. कापायची झाली तरी 3-4 सेंमी आत दुमडून ठेवा. जीन्सला 16 नंबरची सुई, टाका 3 ते 3.5 मिमी. जिथे शिवणी एकमेकींवर येऊन जाडी होते तिथे पायडल न दाबता चाक हाताने फिरवा. आणि सुई तुटेपर्यंत वाट बघू नका, 8-10 तास शिवलं की बदला. टाके सुटतात तेव्हा लोक मशीनला शिव्या देतात, दोष बहुतेकदा सुईचा असतो.

दर ठरवताना टीप मारायचा वेळ धरू नका. उसवणं आणि इस्त्री यातच अर्धा जीव जातो. कपडा आला की फोटो, चिठ्ठीवर आधीचे डाग आणि तुटकी बटणं लिहून घ्या. नाहीतर जुना डागही तुमच्याच माथी.

रात्री मशीन चालवणार असाल तर खाली जाड रबरी चटई टाका. खालच्या मजल्याला आवाजापेक्षा कंप जास्त जाणवतो, आणि भाड्याच्या घरात पहिली तक्रार तिथूनच येते.

क्रोशाच्या वस्तू विकाव्यात का, हेही विचारलंत. एका पर्सला 9 तास लागत असतील तर तुमच्या सकाळच्या कामाच्या तासाचा दर गुणिले 9, अधिक सूत, एवढी किंमत कुणी देतं का ते बघा. माझ्या मते फार थोडे देतात. त्यापेक्षा चार जणांना दोन तास शिकवा, सुई आणि सूत त्यांनी आणायचं. काहींचा अनुभव वेगळा असेल, त्यांनी खाली लिहावं.