इम्प्रेशनिस्ट स्टाइलमध्ये बाग रंगवताना थर वाढले की सगळं मळकट होतं, काय करावं?

थर वाढले म्हणून नाही मळत हो, खालचा थर ओला असताना वरून ब्रश घासत राहिलं की मळतं. तुम्ही ऑइलमध्ये करताय असं धरून चालतो, अॅक्रिलिक काही मिनिटांत सुकतं त्यामुळे तिथे हा त्रास कमीच.

पहिली गोष्ट म्हणजे पांढऱ्या कॅनव्हासवर डायरेक्ट हिरवा लावूच नका. टर्पेंटाइन घालून पातळ केलेल्या रंगात आधी फक्त ऊन कुठे, सावली कुठे एवढंच मांडा, सावलीत जांभळट निळा आणि उन्हातल्या गवताखाली चक्क तांबूस किंवा गुलाबी. मग थांबा. खरंच थांबा, हात लावून बघा, सुकलं असेल तरच पुढे. आता जाड हिरवा घेऊन सुटे सुटे फटकारे द्या आणि मधल्या फटी मुद्दाम राहू द्या, त्यातून तो तांबूस दिसत राहतो आणि हिरवा एकदम जिवंत होतो. विरुद्ध रंग शेजारी आले की एकमेकांना उठाव देतात हे शेव्ह्रल या फ्रेंच केमिस्टने १८३९ मध्येच पुस्तकात मांडलं होतं, इम्प्रेशनिस्टांचं पहिलं प्रदर्शन तर १८७४ चं.

वरच्या थरात जवसाचं तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, उलटं झालं तर पुढे तडे जातात.

रंग कमी घ्या. मोने या फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने १९०५ च्या एका पत्रात स्वतःचे रंग सांगितलेत, पांढरा, कॅडमियम यलो, व्हर्मिलियन (शेंदरी लाल), गडद मॅडर (गडद किरमिजी लाल), कोबाल्ट ब्लू, एमराल्ड ग्रीन, बस! काळा नाहीच. गडद झाडीसाठी व्हिरिडियनमध्ये (गडद निळसर हिरवा) अलिझरिन क्रिमझन (गडद लाल) मिसळून बघा, काळ्यापेक्षा कितीतरी खोल सावली मिळते. आणि मोनेची जिव्हेर्नीच्या, म्हणजे त्याच्या फ्रान्समधल्या गावच्या बागेतल्या तळ्याची चित्रं झटक्यात केल्यासारखी वाटतात ना, त्यातल्या कित्येकांवर तो महिनोन्महिने, काहींवर तर वर्षानुवर्षं परत परत काम करत होता, म्हणून घाई नको.

फुलं अगदी शेवटी, रंग जाड, एक टेकवला की ब्रश उचलायचा, परत तिथे जायचं नाही. एवढं करून एखादा भाग मळलाच तर त्याच्यावर आणखी रंग चढवू नका, पॅलेट नाइफने खरवडून काढा, फडक्याने पुसा आणि तेवढा तुकडा सुकल्यावर परत घ्या.