निंब म्हणून लावला, फुलं जांभळी आली

प्रश्न : अंगणात सावलीसाठी चार वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून निंबाचं रोप आणलं. झाड छपराच्या वर गेलं, पण यंदा फुलं आली ती फिकट जांभळी. वडील म्हणतात, हा निंबच नाही. रोपवाटिकावाला म्हणतो, हाही निंबच. खरं कोणाचं? सोबत एक पान पाठवतो आहे.
— एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : वडिलांचं खरं. तुमचं झाड बकान निंबाचं आहे. रोपवाटिकावालाही अगदीच खोटं बोलला नाही म्हणा. आपल्याकडे निंब हे नाव तीन झाडांना वाटलेलं. पुस्तकातला कडुनिंब तो आपला नुसता निंब. दुसरा हा बकान. तिसरा गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता. तो तर कुळानं लिंबाच्या, म्हणजे सरबताच्या लिंबाच्या घरातला. शास्त्रवाल्यांनीही घोळच घातलाय : कडुनिंबाचं 'अझाडिरॅक्टा' आणि बकानाचं 'अझेडॅराक', दोन्ही एकाच फारसी नावावरून, 'आझाद दरख्त'.

मी जळगाव शहरात वाढलेला. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला सासुरवाडीला गुढीसाठी मोठ्या ऐटीत डहाळी तोडून आणली, फुलांसकट. सासूबाईंनी ती हातात घेतली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "जवाई, हाऊ निंब नही, बकान शे." तेव्हापासून आधी पान बघतो.

निंबाच्या पानाला एकच दांडा, दोन्ही बाजूंना पानोळ्या, म्हणजे छोटी पानं. त्यातली एक शिरेवर दुमडून पाहा : दोन्ही अर्ध कधी जुळत नाहीत, एक बाजू रुंद, एक अरुंद, टोक कोयत्यासारखं वळलेलं. तुम्ही पाठवलेल्या पानात मुख्य दांड्याला पुन्हा लहान दांडे फुटलेत. तिथेच निकाल लागला. निंबाचा मोहोर पांढरा, मधासारख्या वासाचा. लिंबोळी पावसाच्या तोंडावर पिकते, पोरं ती चोखतात. बकानाची गोल पिवळी फळं मात्र हिवाळ्यात पानं झडल्यावरही झुबक्यांनी लटकत राहतात, आणि ती विषारी आहेत. अंगणात लहान मूल असेल तर एवढं ध्यानात ठेवा. कपाशीवर किडीसाठी फवारायच्या 5 टक्के अर्काला 100 लिटर पाण्याला 5 किलो लिंबोळी घेतात, तीही निंबाचीच.

झाड तोडू नका. सावली बकानही देतो, वाढतोही भरभर. फक्त लाकूड ठिसूळ, वावधानात फांदी मोडते, आणि आयुष्यही कमी. म्हणून शेजारी निंब लावून ठेवा. रोप विकत कशाला? आषाढात गावातल्या एखाद्या जुन्या निंबाखालच्या पिकल्या लिंबोळ्या वेचा, गर धुऊन बी सावलीत सुकवा आणि दोन आठवड्यांच्या आत पेरा. हे बी डब्यात ठेवलं की लवकर मरतं. झाड कोणतं ते वडिलांना विचारून घ्या, म्हणजे झालं.