डोक्याला मार लागला पण जखम दिसत नाही, तरी मेंदूला इजा होते का?

हो, होऊ शकते. सुमारे १३०० ते १४०० ग्रॅमचा मऊ मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं की तो आतल्या हाडावर आदळतो, कधी उलट्या बाजूलाही. डोकं गर्रकन फिरलं तर पेशींचे बारीक तंतू ताणले जातात, आणि हे सीटी स्कॅनमध्ये बरेचदा दिसतही नाही.

खरी भीती नंतरची. सूज आली किंवा रक्त साचलं, तर कवटी काही फुगत नाही. दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटतो. माणूस शुद्धीवर येतो, नीट बोलतो आणि काही तासांत कोसळतो. म्हणून वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, डोळ्याची एक बाहुली मोठी, यातलं काहीही दिसलं तर कृपया थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.