घाणेरी पेटवावी की खणावी?

प्रश्न : नाना, सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल आमच्या गावाला सामूहिक वनहक्कात मिळालंय. वर अंजन, साळई, पळस. खाली घाणेरी अशी माजलीय की गुरं आत शिरत नाहीत. पोरं म्हणतात, होळीआधी पेटवून द्या. म्हातारे म्हणतात, तोडा. कोणाचं ऐकावं?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : पेटवू नका, हात जोडून सांगतो. वनरक्षक असताना रावेरच्या डोंगरात आम्ही असाच एक पट्टा जाळला होता. सकाळी पान हलत नव्हतं. अकराच्या सुमाराला वारा चढणीला लागला आणि घाणेरीवरून जाळ थेट झाडांच्या शेंड्यांना भिडला. अंजनाची कमरेएवढी रोपं गेली, ती आजही डोळ्यांपुढे आहेत. मृगाचे दोन पाऊस पडले आणि जळक्या बुंध्यांतून घाणेरीच पुन्हा फुटली.

म्हाताऱ्यांचंही अर्धंच खरं. कोयत्यानं छाटली तरी ती फुटतेच, उलट जास्त दाट. तिचा जीव खोड आणि मूळ जिथं जुळतं तिथं, जमिनीच्या जरा खाली असतो. दोन-तीन बोटं खाली टिकावानं मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मुळं पुन्हा मातीला लागत नाहीत. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी सांगितलेली ही रीत. पावसाळ्यात माती ओली असताना, फळं पिकायच्या आत करा. बुलबुल बी टाकतात, म्हणून मोठ्या झाडांखाली पुढची दोन-तीन वर्षं रोपं उपटत राहावं लागेल. मोकळ्या जागेत लगेच पवन्या, मारवेल ही गवतं पेरा. उघडी जमीन घाणेरी सोडत नाही.

विस्तवाला जंगलात जागाच नाही, असं मी म्हणत नाही. हद्दीवरची जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, हवीच, पण उन्हाळा तापायच्या आत, वनखात्याला सोबत घेऊन. राखीव वनात परस्पर आग लावणं 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. सुक्या गवताचा जाळ झरझर निघून जातो. घाणेरीचा ढीग मात्र एकाच जागी बराच वेळ धुमसतो आणि खालची माती भाजून काढतो. म्हणून उपटलेली झुडपंही झाडाखाली रचून जाळू नका. मोहाखालचा पालासुद्धा जाळू नका, झाडूनच बाजूला करा, फुलं वेचायला तेवढं पुरतं.

सगळं जंगल एकदम हाती घेऊ नका. या पावसात गावाजवळचा एकच नाला धरा.