कॉलेजच्या जोडीदाराशी मँडरीन बोलून फरक पडतो का?

ताई, तुमची मुलगी नववीत आहे, मँडरीनच्या, म्हणजे चिनी भाषेच्या, क्लासला दोन वर्षं झालीत आणि तैवानमधल्या तैपेईची एक कॉलेजची मुलगी इंग्रजीच्या बदल्यात दर आठवड्याला व्हिडिओवर बोलायला तयार आहे. याचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. होतो, आणि खूप होतो. कोथरूडच्या आमच्या क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांच्या अशा जोड्या मी सहा वर्षं लावून देत होते.

एक गोष्ट मात्र सांभाळा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं मँडरीन, पंधरा मिनिटं इंग्रजी. मोठी मुलं मायाळू असतात. आपलं मूल दोनदा अडखळलं की ती लगेच इंग्रजीवर येतात आणि मग अख्खा अर्धा तास इंग्रजीतच जातो.

खरा फायदा कानाला होतो. आमच्या एका विद्यार्थिनीला सांगायचं होतं, ‘आई मंडईत भाजी घेते.’ मँडरीनमध्ये सुरावर अर्थ बदलतो: ‘माय’ हा उच्चार खाली जाऊन वर आला तर विकत घेणं, वरून झपकन खाली आला तर विकणं. तिचा सूर खाली आला. समोरची ताई अगदी आदराने विचारायला लागली, आईचा गाळा किती वर्षांचा आहे? पोरगी गोंधळली, मग तिला उमगलं. त्यानंतर तो सूर तिचा कधीच चुकला नाही. मी वर्गात तो वीस वेळा घोकून घेतला होता, त्याने हे झालं नव्हतं.

उच्चारांत मराठी मुलं मुळातच पुढे असतात, फक्त पिनयिनची, म्हणजे मँडरीन रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीची, अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची नाहीत. तिथला ‘बी’ म्हणजे आपला प, ‘पी’ म्हणजे श्वास सोडून म्हटलेला प. म्हणून बीजिंगचा उच्चार पेइचिंगच्या जवळ जातो. निरोप घेतानाचं ‘चाय-च्येन’ बघा: पहिला च ‘चांगला’मधला, दुसरा ‘चिवडा’मधला. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना हे मराठीतूनच समजावा, पटकन जमतं.

लिपीचं आधीच ठरवून घ्या. तैवानमध्ये पारंपरिक अक्षरं चालतात; क्लासमध्ये आणि एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेला सोपी केलेली. ‘घोडा’ तिकडे दहा रेघांचा, इकडे तीन रेघांचा. बोलणं तिच्याशी, लिहिणं सरांकडे, असं ठेवलंत तर मुलगी गोंधळणार नाही. आपले संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडचे साडेआठ, त्यापेक्षा उशिरा नको. आणि कॉल हॉलमध्येच घ्यायला सांगा; समोरची मुलगी कितीही चांगली असली तरी आपलं मूल लहान आहे.

पहिल्या दिवशी नुसतं ‘बोल काहीतरी’ म्हणून बसवू नका. डब्यातली पोळी, छत्री, आजीचा चष्मा, अशा कुठल्याही पाच वस्तू समोर ठेवा. एकेक वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून हे कोणाचं, कुठून आणलं, एवढंच तिने सांगायचं. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर त्या मुलीला आधी विचारा. चुकलेले सूर दुसऱ्या दिवशी परत ऐकता येतात.