रोजचे एक पान

टॅरो म्हणजे कौल घेण्यासाठी वापरायचे चित्रांचे पत्ते. त्याच्या संचात 78 पाने, म्हणजे पत्ते, असतात, 22 मुख्य आणि 56 गौण. ओरॅकल या कौलाच्याच दुसऱ्या प्रकारच्या पत्त्यांच्या संचाला असा ठरावीक आकडा नसतो, म्हणून तुम्ही सुरुवात टॅरोपासून करावी, असे माझे मत आहे. सकाळी एकच पान काढावे आणि अर्थाचे पुस्तक उघडण्यापूर्वी चित्राकडे दोन मिनिटे नीट पाहावे. 1909 साली प्रसिद्ध झालेल्या रायडर-वेट या टॅरो संचात चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी गौण पानांवरही प्रसंगचित्रे काढली, त्यामुळे हे साधते.

मागच्या पावसाळ्यात मला चषकांचे, म्हणजे गौण पानांच्या एका गटातले, चौथे पान आले: झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन चषक, आणि ढगातून पुढे आलेल्या हातातला चौथा, ज्याकडे त्याचे लक्षच नाही. त्याच संध्याकाळी दादरजवळ लोकल रखडली असताना शेजारच्या बाईंनी पुढे केलेला चकल्यांचा डबा मी मोबाइलमधून मान वर न काढताच नाकारला, आणि पान आठवून ओशाळले. अशी नोंद तारखेसह वहीत करावी. एक ओळ पुरते. पान मनाजोगते आले नाही की दुसरे ओढण्याचा मोह होतो (मला अजूनही होतो), तो आवरावा. औषध घ्यावे की नाही, हे मात्र पानांना विचारू नये. ते डॉक्टरांनाच विचारावे.